पहिला घोट

झुल्मा इरिगोयती यांनी पहिल्याच तासाला
पुस्तकं बाकाखाली ठेवायला लावली.
टेबलावर थर्मास, मुठीएवढा पोकळ भोपळा,
त्यात हिरवा पाला, आणि धातूची एक नळी.
"तत्त्वज्ञान तुम्ही तीन वर्षं घोकलंय," म्हणाल्या,
"आता ओतायला शिका."

पहिला घोट सगळ्यात कडू,
भुकटी तरंगत असते वर,
तो ओतणाऱ्यानं स्वतः प्यायचा.
मग एकेकाला, क्रम न मोडता,
त्याच भोपळ्यातून, त्याच नळीनं.
दुसऱ्याच्या हातात असताना नळी ढवळायची नाही.
कुणी "धन्यवाद" म्हणालं
तर समजायचं, त्याला आता नको.
तोवर ओतत राहायचं.

ब्राउलियो म्हणाला, "याचा चर्चेशी काय संबंध?"
"धन्यवाद म्हणतोयस का?"
तो गप्पच बसला.

सहा आठवडे आम्ही एकमेकांवर सराव केला.
"म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का"
हे वाक्य तोंडातून निघालं
की फळ्यावर नावापुढे खडूची रेघ.
माझ्या नावापुढे एकोणीस.

मग जुलैतला रविवार, हाडं गोठवणारा.
पायसांदू, नदीकाठी, लाकडी गोळे खेळणाऱ्यांचा क्लब.
चौदा माणसं. त्यातली सहा
फक्त शेगडीसाठी आलेली.
मी चिठ्ठीवर तीनदा घासूनपुसून आणलेला प्रश्न
वाचला: दिलेलं वचन संपतं कधी?

पत्र्यावर कबुतरं चालत होती.
चार. पाच. सहा.
सातव्या सेकंदाला मला राहवलं नाही,
आणि माझ्या तोंडातून
एक मेलेला जर्मन पंडित बोलू लागला.
सगळ्यांनी माना हलवल्या,
डॉक्टरांपुढे हलवतात तशा.
"धन्यवाद," म्हणाली दारापाशी बसलेली बाई.
तिच्या हातात भोपळाही नव्हता.

झुल्मा कोपऱ्यात. खिडकीबाहेर बघत होत्या.

मी ओतलं. स्वतःच प्यायले.
पाला गार, कडू, जिभेला चिकटलेला.
पुन्हा ओतलं, शेजारी दिलं.
या वेळी मोजलं नाही.

भोपळा फिरत आदेमारपाशी आला.
मांसाच्या कारखान्यात गेलेली हयात,
डाव्या हाताची दोन बोटंही तिथेच गेलेली.
त्यानं नळी तोंडाला लावली नाही.
"माझ्याकडे नेल्सनचा अकॉर्डिअन आहे," म्हणाला.
"विकणार नाही असा शब्द दिलेला.
तो जाऊन बावीस वर्षं झाली.
आता नातीला चष्मा हवाय.
मेलेल्याला दिलेला शब्द
जमा असतो कुणाकडे?"

"तुमच्याचकडे," कुणीतरी म्हणालं.
"माझ्याकडे असेल तर मी मोडू शकेन ना?"
"मग तो शब्द कसला?"
"नेल्सनला विचारता आलं असतं, तर?"
"तो विक म्हणाला असता. म्हणून तर पंचाईत."

आठ वर्षांची नाहिर, आजीसोबत आलेली,
पाय हलवत म्हणाली,
"अकॉर्डिअन कुणाला वाजवता येतो का?"
कुणालाच येत नव्हता.

माझ्या जिभेवर तेव्हा
फार सुरेख वाक्य येऊन बसलं होतं.
हेतू आणि शब्द यांत फरक करणारं,
सगळ्यांचं म्हणणं एका दोरीत ओवणारं.
परीक्षेत त्याला दहापैकी नऊ मिळाले असते.
ते मी गिळलं. खाली उतरायला वेळ लागला.

थर्मासमधलं पाणी कोमट होईपर्यंत ते बोलत राहिले.
कधी नदीवर घसरले, कधी पेन्शनवर,
एकदा चक्क मेंढ्यांच्या दरावर,
आणि परत नेल्सनकडे आले,
मला हात धरून आणावं लागलं नाही.
दारापाशी बसलेल्या बाईनं
आपली खुर्ची दोन वीत आत ओढली.

परतताना झुल्मांनी विचारलं,
"विकणार का तो?"
"माहीत नाही."
"विचारलं नाहीस?"
"नाही."

बरं केलं की वाईट,
त्या काहीच बोलल्या नाहीत.
रिकामा थर्मास माझ्या हातात दिला,
आणि पुलापर्यंत आम्ही
वाऱ्याला पाठ करून चालत राहिलो.